हळद विकायची की हळदीवर लिहायचे : आमच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

१२ मार्च २०२५

आजपासून या नोंदी ठेवण्यास सुरुवात करीत आहे. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात आहे आणि आमच्या बचत गटातील अकरा जणींपैकी नऊ जणींच्या घरी हळदीचे पीक आहे. यंदाची हळद काढून, शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून झाली आहे. त्यातील सहा क्विंटल हळकुंडे बाजार समितीत न नेता, त्यांची पूड करून ती थेट घरोघरच्या गिऱ्हाइकाला इंटरनेटवरून विकण्याचा विचार गटापुढे आहे. मात्र त्यासाठी कोणता मार्ग धरावा, याबद्दल घरातच दोन मते आहेत. नांदेडला शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे असे की, हळद लागवडीवर ब्लॉग लिहावा, त्यावर जाहिराती लावाव्यात आणि वाचक वाढले की पूड आपोआप विकली जाईल. गटाच्या अध्यक्ष असलेल्या माझ्या काकूंना मात्र दुकानासारखी मोजक्या पानांची साइट हवी आहे, जिथे माल, भाव, पत्ता आणि पैसे देण्याची सोय एवढेच असेल.

दोघांचेही ऐकून घेतले. खर्च आणि वेळ यांचा हिशेब माझ्याकडे सोपविण्यात आला आहे.

१५ मार्च २०२५

आधी शब्दांचा अर्थ नक्की करणे गरजेचे वाटले, कारण बैठकीत 'साइट' आणि 'ब्लॉग' हे शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरत होता. ब्लॉग हीसुद्धा साइटच आहे. फरक मांडणीत आणि कामाच्या पद्धतीत आहे. ब्लॉगवर तारखेनुसार लेख येत राहतात, नवा लेख वर आणि जुना खाली जातो. पारंपरिक साइटची पाने ठरलेली असतात आणि ती महिनोन्महिने बदलली नाहीत तरी चालते. पूर्वी अशी पाने हाताने एचटीएमएल या संगणकी भाषेत लिहून सर्व्हरवर चढवावी लागत आणि ब्लॉगसाठी वेगळी व्यवस्था असे. आज वर्डप्रेससारख्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होते. २००३ साली ब्लॉग लिहिण्यासाठी निघालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये 'पोस्ट' आणि 'पान' असे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि ठरावीक पान मुखपृष्ठ म्हणून नेमले की पाहणाऱ्याला ती सरळ पारंपरिक साइट वाटते.

म्हणजे निवड सॉफ्टवेअरची नाही. दर आठवड्याला लिहीत राहायचे, की एकदा नीट उभे करून नंतर ऑर्डरी सांभाळायच्या, ही निवड आहे. पहिल्या कामाला सातत्य लागते आणि दुसऱ्याला माल लागतो. आमच्याकडे आज माल आहे. सातत्याची खात्री भाऊ देतो आहे.

२२ मार्च २०२५

ब्लॉगच्या उत्पन्नाचा मार्ग भावाने समजावून सांगितला तो असा. गुगलची ॲडसेन्स ही जाहिरात व्यवस्था २००३ पासून आहे आणि २०१८ पासून ती मराठी मजकुरालाही चालते. खाते मंजूर झाले की ब्लॉगवर जाहिराती आपोआप दिसू लागतात. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक पिन येतो, आणि १०० डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. तोवर ते पुढच्या महिन्यात ओढले जातात. इंग्रजी मजकुराच्या मानाने मराठी मजकुरावरील जाहिरातींचा दर कमी असतो, हे त्याने स्वतःहून मान्य केले. त्याचा हा प्रामाणिकपणा मला आवडला.

एक बाब मात्र मी इथे मुद्दाम लिहून ठेवते. हे खाते भावाच्या वैयक्तिक नावाने, त्याच्या पॅन आणि बँक खात्याला जोडलेले राहील. त्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न गटाच्या वहीत येणार नाही. गटाच्या नावाने आलेले काम आणि भावाच्या नावाने आलेले पैसे यांची सरमिसळ पहिल्याच दिवसापासून टाळली पाहिजे.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

आज पूजेनंतर ओसरीवर बसून निर्णय झाला की, दोन्ही मार्ग आठ महिने शेजारी-शेजारी चालवून पाहायचे. ब्लॉग भावाने गुगलच्या ब्लॉगर या सेवेवर मोफत सुरू करायचा. साइट वर्डप्रेसवर, स्वतःच्या डोमेनवर म्हणजे स्वतःच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावर, मी उभी करायची.

डोमेन मी आज स्वतः गटाच्या नावाने आणि गटाच्या ई-मेलवर नोंदविले. यामागे एक जुनी जखम आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही शहरातील एका संगणक व्यावसायिकाकडून साइट करून घेतली होती. त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतले. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे गेली, आमच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही, मुदत संपली आणि तो पत्ता परक्याच्या हाती गेला. तेव्हा पापडाच्या पाकिटांवर तोच पत्ता छापलेला होता. काकू, मी आणि शेजारच्या दोघी अशा चौघींनी कंदिलाच्या उजेडात दीड हजार पाकिटांवर कोऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खळ कमी पडली म्हणून काकूंनी मध्येच उठून पुन्हा शिजवली. ज्याला स्वतःची साइट करून घ्यायची आहे त्याने आधी डोमेनचा मालक कोण, हे विचारावे. रंग आणि सजावट नंतर पाहावी.

देवनागरीत पत्ता घ्यावा अशी काकूंची इच्छा होती. '.भारत' हे डोमेन २०१४ पासून मिळते आणि त्यात मराठी नाव घेता येते. परंतु असा पत्ता काही ठिकाणी कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ दिसते, आणि फोनवर सांगितलेला पत्ता टाइप करताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली तर पान उघडत नाही. म्हणून '.इन' घेतले. काकूंना याचे वाईट वाटले आणि मलाही वाटले.

१७ एप्रिल २०२५

साइटची पाने लिहून झाली. लेखन सोपे होते. नियमांनीच जास्त वेळ घेतला, आणि ते नियम ब्लॉगला लागू नव्हते.

अन्नपदार्थ विकायचा असल्यामुळे अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर लागतो, तो गटाकडे पापडाच्या कामापासून होताच. निव्वळ वजन, किंमत, तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क ही माहिती पाकिटाप्रमाणेच साइटवरही दिली. पैसे घेणारी गेटवे कंपनी परतावा, गोपनीयता आणि माल पोहोचविण्याचे धोरण यांची स्वतंत्र पाने असल्याशिवाय खाते सुरू करीत नाही, म्हणून ती तिन्ही पाने मराठीत आणि इंग्रजीत लिहिली.

जीएसटीचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाला, तर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक ठरते. आमच्यासाठी तेलंगणा जवळ आहे आणि हैदराबादेत गावचे बरेच लोक आहेत, त्यामुळे ही मर्यादा जाणवणार आहे. तरीही पहिल्या वर्षी फक्त महाराष्ट्रातील पत्त्यांवरच माल पाठवायचा, असे ठरविले आणि साइटवर तसे ठळक लिहिले.

'वसमत हळद' या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (माल ठरावीक भागातलाच असल्याची सरकारी ओळख) मिळाले आहे. ते चिन्ह लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती होईपर्यंत आम्ही 'वसमत तालुक्यात पिकवलेली हळद' एवढेच खरे वाक्य लिहिले आहे.

५ मे २०२५

फोटो आणि वेग. हळकुंडाचा मोडलेला तुकडा, आतला गर्द केशरी रंग दिसेल असा, भावाने मोबाइलवर टिपला. फोटो सुंदर आला, पण फाइल चार एमबीची होती आणि आमच्या गावच्या नेटवर्कवर पान उघडायला अर्धे मिनिट लागत होते. आकार कमी करून दीडशे केबीवर आणला, तेव्हा पान लगेच उघडू लागले. रंगात कसलीही उणीव दिसत नाही.

८ जून २०२५

ब्लॉगवर आतापर्यंत नऊ लेख झाले: बेणे (लागवडीसाठी राखलेले कंद) निवड, गादीवाफ्यावरील (उंच केलेल्या वाफ्यावरील) लागवड, ठिबक, शिजवण्याची पद्धत. भाऊ मनापासून लिहितो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशी पाहिल्याशिवाय तो खताची मात्रा लिहीत नाही, आणि आपल्या वडिलांचा अनुभव वेगळा असेल तर तो तसा वेगळा नोंदवतो. असे लेखन मराठीत अजून पुष्कळ हवे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लोक कसे शोधतात, हे पाहणे उद्बोधक ठरले. एकच रोग कोणी 'कंदकूज', कोणी 'कंदकुज', कोणी 'गड्डा सडणे' असा शोधतो, आणि बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्यामुळे लेखात शुद्ध शब्दाबरोबर बोलीतला शब्दही एकदा यावा, असा नियम आम्ही केला.

एक गंभीर चूक वेळीच थांबवली. खाते मंजूर होताच भावाच्या मित्रांनी त्याला मदत म्हणून दिवसभर ब्लॉगवरच्या जाहिरातींवर बोट लावायला सुरुवात केली. स्वतःच्या किंवा ओळखीच्यांच्या अशा क्लिकांमुळे खाते कायमचे बंद होऊ शकते आणि जमलेली रक्कमही परत घेतली जाते. भावाने त्याच संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवून समजावले. मुलांचा हेतू चांगला होता. त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते.

२० जुलै २०२५

साइटवर पहिल्या तीन महिन्यांत १२ ऑर्डरी. बहुतेक ओळखीच्या, व्हॉट्सॲपवरून लिंक मिळालेल्या. पिनचे पत्र टपालाने मिळाले.

२४ ऑगस्ट २०२५

परवापासून घडलेली गोष्ट सविस्तर लिहिते, कारण तिच्यामुळे माझे स्वतःचे मत बदलले. भावाच्या आग्रहावरून आम्ही साइटवरच्या पूड विक्रीच्या पानावरही पंधरा दिवसांपासून जाहिराती लावून पाहत होतो. पोळ्याच्या पुरणपोळ्या आटोपून काकू परवा रात्री निवांत बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर आपले पान उघडले. वर आमच्या हळकुंडाचा फोटो, खाली गटाचे नाव, आणि त्या दोन्हींच्या मधोमध एका मोठ्या कंपनीच्या हळद पुडीची जाहिरात, सवलतीसह. काकूंनी काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला.

जाहिरात व्यवस्था पानावरचा विषय आणि वाचणाऱ्याची आवड पाहून जाहिरात निवडते. हळदीच्या पानावर हळदीची जाहिरात येणे हे तिच्या दृष्टीने योग्यच आहे. भावाने त्या कंपनीचा पत्ता खात्यातून रोखला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची पूड दिसली. ज्या गिऱ्हाइकाला आपण इतक्या कष्टाने दारापर्यंत आणले, त्याला काही पैशांसाठी शेजारच्या दुकानात पाठविण्याचा हा प्रकार झाला. विक्रीच्या पानावरून जाहिराती आजच काढल्या. ब्लॉगवर त्या राहतील, कारण तिथे आपण काही विकत नाही.

२८ सप्टेंबर २०२५

या महिन्यात मराठवाड्यात पावसाने जे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. आमच्याही शेतांत पाणी तुंबले. सोयाबीन गेल्यातच जमा आहे आणि हळदीत कंदकूज सुरू झाली आहे. गटाचे काम आठवडाभर बंद होते. पाकिटे भरलेली खोली गळू लागली तेव्हा गोण्या उचलून काकूंच्या माडीवर नेल्या.

ब्लॉगवर मात्र कधी नव्हे इतके वाचक आले. भावाने जुलैत लिहिलेला कंदकुजीवरचा लेख एकेका दिवशी दोन हजारांहून अधिक वेळा उघडला गेला. पाने पिवळी पडणे, खोड ओढले की सहज हातात येणे, कंद मऊ होऊन त्याला कुजका वास येणे ही लक्षणे, आणि सर्वांत आधी चर काढून पाणी वावराबाहेर घालवणे, मग ट्रायकोडर्मा या रोग रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीचा वापर, असे सारे त्यात क्रमाने होते. जाहिरातींचे आठ महिन्यांचे जवळजवळ निम्मे उत्पन्न या एका महिन्यात जमा होईल, असे दिसते. भाऊ मला म्हणाला, "ताई, हे पैसे आपल्याच लोकांच्या संकटातून आले, मला बरं वाटंना." मी त्याला सांगितले की लेख मोफत होता आणि कामाचा होता, पण त्याचे म्हणणे माझ्या मनातून गेलेले नाही.

५ ऑक्टोबर २०२५

पाणी ओसरल्यावर बैठक झाली. मी दोन्हीकडचे आकडे समोर ठेवले: ब्लॉगवर हजारो वाचक, आणि त्यांच्यातून आलेली पुडीची ऑर्डर एक. काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "आपल्याला हळद इकायचीय, का लोकायला हळद लावायची शिकवायचीय?"

या प्रश्नात सगळे आले. लागवडीचे लेख वाचणारा माणूस स्वतः हळद पिकवतो. त्याच्या घरी पोत्याने हळद आहे, तो आमची पूड कशासाठी घेईल? आणि जी बाई पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात स्वयंपाकघरासाठी शुद्ध हळद शोधते आहे, तिला गादीवाफ्याशी काही देणेघेणे नाही. आम्ही सहा महिने वाचक एक मिळवत होतो आणि गिऱ्हाईक दुसरेच शोधत होतो. भावाची मेहनत कमी पडली नाही, लेखही उत्तम होते. विषय आणि माल यांचे वाचक वेगळे होते, एवढेच.

म्हणून साइटवरच, विक्रीच्या पानाशेजारी, घरातल्या बाईच्या कामाचे मोजके लेख लिहावेत असे ठरले. पहिला लेख मी लिहिला: पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर पूड टाकावी आणि न ढवळता ठेवावी, शुद्ध पूड खाली बसते आणि पाण्याला फिकट पिवळा रंग राहतो, कृत्रिम रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळे होते. आमच्या पुडीचा आणि बाजारातून आणलेल्या सुट्या पुडीचा असे दोन पेले शेजारी ठेवून फोटो काढला. दुसऱ्याच्या पुडीवर मात्र कोणताही आरोप लिहिला नाही, कारण घरची चाचणी म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे.

२६ ऑक्टोबर २०२५

दिवाळीत २३ ऑर्डरी आल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्ता कोठून मिळाला, हे फोनवर विचारले. त्यातील नऊ जणी पेल्याच्या लेखावरून आल्या होत्या. हैदराबादच्या चार ऑर्डरी नाकाराव्या लागल्या.

३० नोव्हेंबर २०२५

आठ महिन्यांचा हिशेब.

साइटवरून ६१ ऑर्डरींत ९४ किलो पूड गेली. किलोला ३२० रुपये भावाने ३०,०८० रुपये आले. टपालखर्च गिऱ्हाइकाने वेगळा दिला. ही विक्री आहे, उत्पन्न नव्हे, आणि हा फरक न पाहिल्यामुळे अनेक जण फसतात, असे मला वाटते. तीच हळद बाजार समितीत नेली असती तरी तिचे पैसे आलेच असते. दळताना होणारी घट धरून सुमारे एक क्विंटल हळकुंडांचे १२,५०० रुपये, दळण, पाकिटे आणि चिठ्ठ्यांचे ३,७६० रुपये, डोमेन आणि होस्टिंगचे (साइट इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचे) ४,२०० रुपये आणि गेटवेचे ३५० रुपये, असे २०,८१० रुपये वजा केले. साइटमुळे गटाला खरोखर मिळालेले पैसे ९,२७० रुपये. माझे साधारण सत्तर तास गेले, त्यातील चाळीस पहिल्या दीड महिन्यात.

ब्लॉगवर ३१ लेख झाले आणि प्रत्येकी पाच तास धरले तर दीडशेहून अधिक तास लागले. खात्यात ३८ डॉलर जमले आहेत, म्हणजे सुमारे तीन हजार तीनशे रुपये, आणि १०० डॉलरची अट पूर्ण न झाल्यामुळे त्यातील एकही रुपया हातात आलेला नाही. खर्च शून्य. ब्लॉगच्या बाजूने एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे: लिहिलेला लेख राहतो. कंदकुजीचा लेख पुढच्या पावसाळ्यातही वाचला जाईल आणि त्यासाठी भावाला पुन्हा पाच तास घालवावे लागणार नाहीत. विकलेले पाकीट मात्र पुन्हा भरावे लागते.

आणखी एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. ६१ पैकी १७ ऑर्डरी दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा घेणाऱ्यांच्या आहेत. त्यांच्यासाठी आम्हाला काहीही नवे लिहावे लागले नाही.

१४ डिसेंबर २०२५

गटाने आज एकमताने पुढील गोष्टी ठरविल्या. गटाच्या उत्पन्नासाठी साइट हाच मार्ग राहील. तिच्यावर जाहिराती नसतील, आणि लेख महिन्याला एकच, स्वयंपाकघरात उपयोगी पडेल असा. लागवडीचा ब्लॉग भावाने स्वतःच्या नावाने चालू ठेवावा, त्याचे उत्पन्न त्याचे. एका कृषी निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेत्याने त्याला पैसे देऊन औषधाची स्तुती लिहून मागितली होती. 'जाहिरात' असे वर स्पष्ट लिहिणार असाल तरच, असे त्याने कळवले आणि पुढे तिकडून उत्तर आले नाही.

बैठक संपताना भाऊ म्हणाला की, ब्लॉगच्या वाचकांनाच विकता येईल असे आपल्याकडे एक आहे, आणि ते म्हणजे बेणे. निरोगी, निवडलेल्या बेण्याला मे महिन्यात मागणी असते, आणि त्याचा वाचक तर शेतकरीच आहे. काकूंनी लगेच होकार दिला नाही. यंदाच्या पाण्यात कोणाच्या वावरात कंदकूज नाही, हे आधी पाहावे लागेल, रोगट बेणे कोणाच्याही शेतात जाता कामा नये, असे त्यांनी सांगितले. फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की नऊही जणींच्या वावरात जाऊन गड्डे चिरून पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हैदराबादच्या गिऱ्हाइकांसाठी जीएसटी नोंदणीचा अर्ज जानेवारीत करायचा आहे. त्याची कागदपत्रे काकूंच्या कपाटातल्या निळ्या पिशवीत ठेवली आहेत.